बत्तीसावा तास

कडुनिंबाचा मोहोर गळायला लागला की आमच्या महाविद्यालयाच्या फलकावर गैरहजरांची यादी लागते. दोन्ही गोष्टी दरवर्षी एकाच आठवड्यात घडतात. त्यामुळं मोहोराचा तो कडवट-गोड वास नाकात शिरला की लोकांना चैत्र आठवतो, मला यादी आठवते. यंदाही तसंच झालं. सकाळी पुंडलिकनगरातून निघताना स्कूटरच्या सीटवर मोहोराचा सडा पडलेला होता. तो हातानं झटकला आणि पहिला विचार मनात आला तो हा, की स्कूटर काल मी भिंतीला एवढी चिकटवून लावली नव्हती, मग हलवली कुणी?

मी संशयी माणूस आहे. कुणाला मधुमेह असतो, कुणाला दमा. मला हे आहे. गॅसचं सिलिंडर आलं की मी ते वजन करून घेतो. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, तेव्हा शेजारच्यांची मोटार आपल्या आधी तर चालू झाली नाही ना, म्हणून मी भिंतीला कान लावून उभा असतो. आमच्या सौभाग्यवती सुनंदाबाई म्हणतात, "देवळात गेलात तरी तुम्ही चपलांकडं तोंड करून हात जोडता." हे खरं आहे. चपला जातात, देव कुठं जातो?

अशा माणसानं शिक्षक होऊ नये म्हणतात. मी झालो, आणि तोही संगणकाचा. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला मी प्रोग्रामिंग शिकवतो. माणसांपेक्षा मला आकडे बरे वाटले, कारण आकड्याच्या पोटात शिरून बघता येतं. कुठलाही पूर्णांक उघडा, आत बत्तीस घरं असतात, एका ओळीत. प्रत्येक घरात एक किंवा शून्य. मधलं काही नाही. "बघू", "येतो", "झालंच समजा" ही जी आपल्याकडची हो आणि नाही यांच्यामधली वस्ती आहे, ती तिथं नाही. मला त्या ओळीकडं नुसतं बघूनही गार वाटायचं.

या घरांवर करायच्या चार-पाच क्रिया असतात, त्या मी वर्गात जरा रंगवून सांगतो. 'अँड' म्हणजे दोघंही हो म्हणाले तरच हो. एकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. ही माझी. 'ऑर' म्हणजे दोघांतला कुणीही हो म्हणाला की झालं; ही आमच्या सुनंदाबाईंची. 'एक्सऑर' म्हणजे भावकी. दोघांचं जुळलं तर उत्तर शून्य, बिनसलं तरच काहीतरी हाती लागतं. पोरं हसतात. आणि 'शिफ्ट' म्हणजे सगळ्या घरांनी एकदम एक पाऊल डावीकडं किंवा उजवीकडं सरकायचं, कडेचा असेल तो बाहेर पडतो. तिथं कुणी हसत नाही, कारण रेल्वेनं येणाऱ्या पोरांना ते रोजचंच असतं.

हजेरीचा प्रोग्राम मी याच घरांवर बांधला होता. आमच्याकडं हजेरी घेणं म्हणजे तमाशा. सत्तर पोरं, आणि एकाच्या जागी दुसरा आवाज बदलून "येस सर" म्हणणार. आजारी पडलेल्या मित्रासाठी, गावाला गेलेल्या मित्रासाठी, कँटीनमध्ये बसलेल्या मित्रासाठी. त्यात कागदी हजेरीपटात खाडाखोड होते, म्हणून मी तो बंदच केला. एका विद्यार्थ्याला एक आकडा दिला. पहिल्या तासाला आला की पहिल्या घरात एक, नाही आला की शून्य. दुसऱ्या तासाला दुसरं घर. अख्खं सत्र एका आकड्यात. मला त्याचा केवढा अभिमान होता. आमच्या लॅबचे रफिकभाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, ते एकदा स्क्रीनकडं बघून म्हणाले, "सर, येक आदमी का पूरा सहा महिना येक नंबर में बिठाये? उसकू गर्मी नै होती क्या?" मी त्यांना सांगितलं की आकड्यात खाडाखोड होत नाही. रफिकभाईंनी मान हलवली आणि ते कूलरमध्ये पाणी भरायला गेले.

ज्या उन्हाळ्याबद्दल सांगतोय त्याला चार वर्षं झाली. ऊन असं, की दुपारी बाराला लॅबच्या दाराची कडी हातात धरवत नव्हती. कॉलेजच्या टाकीत पाणी नव्हतं, त्यामुळं कूलर नुसता वाळलेल्या वाळ्याचा वास फेकत फिरायचा. एरवी माझा अभ्यासक्रम अठ्ठावीस-एकोणतीस तासांत संपतो. त्या वर्षी मध्ये सुट्ट्या आल्या, तास वाया गेले, मग मी जादा तास घेतले, आणि नेमकं हे घरांचं प्रकरण शेवटी राहिलं. शनिवारी दुपारी एक तास आणखी घेतो म्हणून फलकावर लिहिलं. तो बत्तीसावा. सत्तरातली चार पोरं आली. तीन मुलं आणि एक मुलगी. मी वर न बघता चौघांचे नंबर विचारले, टिपले आणि शिकवायला लागलो. चौघांसाठी शिकवताना आवाज वेगळाच लागतो. मला वाटतं मी त्या दिवशी चांगलं शिकवलं.

सोमवारी यादी लावली. ज्यांचे तास कमी भरले त्यांना परीक्षेला बसता येत नाही, आणि यादी निघाली की ऑफिसातून पालकांच्या मोबाइलवर आपोआप निरोप जातो: तुमच्या पाल्याची उपस्थिती इतक्यापैकी इतकी. यादीत सगळ्यात खाली चार नावं होती. बत्तीसपैकी शून्य.

खरं सांगू का, मला आनंद झाला. शेवटच्या तासाला तोंड दाखवायला येणारी पोरं ही एक जात असते. सहा महिने गायब आणि शेवटच्या दिवशी पहिल्या बाकावर, वहीचं कव्हरसुद्धा नवं. शनिवारी आलेले ते हेच चौघं, हे नंबर जुळवून बघितल्यावर तर माझी खात्रीच पटली. म्हटलं, बघा, चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते आता कळेल, येतीलच.

आले. मंगळवारी, लॅबमध्ये. मुलं मागं उभी राहिली आणि मुलगी पुढं झाली. अर्चना तिचं नाव. लासूर स्टेशनहून रोज पॅसेंजरनं यायची. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"सर, आमची हजेरी चुकलीय."

"एप्रिलमध्ये सगळ्यांचीच चुकलेली असते."

"शून्य दाखवतंय, सर. मी रोज येते."

"मशीन कशाला खोटं बोलेल? बाकी सहासष्ट जणांचं बरोबर आणि तुम्हा चौघांचंच चुकलं?"

तिनं हातातल्या वहीकडं बघितलं. मला वाटलं, आता रडेल. रडणाऱ्यांचीही मला सवय आहे. पण ती विचार करत होती.

"सर, शनिवारी तुम्ही स्वतः आमचे नंबर टिपले. बाकी दिवस आम्ही नव्हतो असं धरलं, तरी शनिवारचा एक तरी पाहिजे ना? शून्य कसं?"

रफिकभाई कोपऱ्यात माउस पुसत होते. त्यांचा हात थांबला. माझ्या डोक्यात त्या एका मिनिटात काय काय येऊन गेलं ते सांगायला लाज वाटते. पहिल्यांदा वाटलं, यांनीच काहीतरी केलंय. मग वाटलं, रफिकभाईंकडं लॅबची किल्ली असते. मग व्हायरस. मग विजेचा झटका. सगळ्यांच्या घरी जाऊन आलो, स्वतःच्या दारावर काही टकटक केली नाही.

अर्चनानं वही उघडली. शनिवारचीच वही. तिनं बत्तीस चौकोन काढले होते आणि डावीकडच्या शेवटच्या चौकोनाला गोल केला होता. "हे घर मोजायचं नसतं, हे चिन्हाचं असतं, असं तुम्ही शनिवारीच सांगितलं सर. इथं एक आला की अख्खा आकडा उणे होतो."

मी माझा प्रोग्राम उघडला. तासांची मोजणी मी अशी लिहिली होती: आकडा शून्यापेक्षा मोठा आहे तोवर कडेचं घर बघ, एक असेल तर मोज, मग सगळ्यांना एक पाऊल उजवीकडं सरकव. सोपं आणि सुंदर. सात वर्षं बिनचूक चाललं, कारण सात वर्षांत मी बत्तीसाव्या घरापर्यंत कधी पोचलोच नव्हतो. त्या शनिवारी जे आले त्यांच्या बत्तीसाव्या घरात एक पडला, त्यांचा आकडा उणे झाला, आणि उणे आकडा शून्यापेक्षा मोठा नसतो. मोजणी सुरूच झाली नाही. जे घरी झोपले त्यांचं सगळं बरोबर मोजलं गेलं. जे उन्हातून आले ते शून्य.

रफिकभाई म्हणाले, "सर, मशीन तो बराबर बोली. तुम पूछे च गलत."

मी एक शब्द बदलला. त्या आकड्याला चिन्हच नको, असं सांगितलं. परत चालवलं. तीन मुलांचे सव्वीस, एकोणतीस, तीस. अर्चनाचे एकतीस. अख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त. मुलं "थँक यू सर" म्हणून गेलीही. मी माफी मागितली का? नाही. "होतं असं कधी कधी," म्हणालो.

ती मात्र जागची हलली नाही. "सर, घरी मेसेज गेलाय."

"मी दुसरा पाठवायला सांगतो."

"दुसऱ्याचा उपयोग नाही सर. आप्पा म्हणतील, पोरीनं सरांच्या हातापाया पडून करून घेतलं." मग तिनं खाली बघून सांगितलं, ते असं. ती रोज सकाळी सातच्या गाडीनं निघते आणि संध्याकाळी परत येते. घरातली बाहेर शिकणारी ती पहिलीच. वडिलांना निरोप आला, की पोरगी बत्तीसपैकी एकदाही वर्गात नव्हती. ते काही बोलले नाहीत. रागावले नाहीत, विचारलं नाही. फक्त आज सकाळी ती गाडीत चढली तेव्हा शेवटच्या डब्यात आप्पा चढताना तिला दिसले. कॉलेजच्या फाटकासमोर पानटपरीच्या आडोशाला उभे होते.

"मी बघितलं नाही असं दाखवलं," ती म्हणाली. "उद्या गाडीनं येऊ देतील की नाही, माहीत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं सर. विचारतच नाहीत."

मी खिडकीशी गेलो. टपरीच्या सावलीत पांढरी टोपी घातलेला एक माणूस खरंच उभा होता आणि आमच्याच इमारतीकडं बघत होता. त्याचं ते उभं राहणं मला इतकं ओळखीचं वाटलं की मी पडदा ओढला.

आता यादी लावायच्या आधी मी प्रत्येकाला नावानं हाक मारतो आणि तोंडाकडं बघतो. याला वेळ लागतो, आणि पोरं मागून माझी नक्कल करतात तेही मला माहीत आहे. प्रोग्राम अजून तोच आहे, चांगला चालतो. पण यंदा फलकासमोरून जाताना एक मुलगा मोबाइलवर यादीचा फोटो काढून तो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होता. मी थांबलो. पूर्वी मी थांबलो नसतो. त्याला विचारलं, घरी कोण वाचतं रे मेसेज? तो म्हणाला, आजोबा. त्यांना इंग्रजी येतं का? नाही, पण आकडे येतात. एवढंच बोलून तो गेला. आकडे सगळ्यांना येतात, हीच तर पंचाईत आहे.

चार वर्षांपूर्वीच्या त्याच आठवड्यात, रविवारी, मी लासूरला गेलो. सुनंदा म्हणाली, "तुम्ही? कुणाच्या घरी? स्वतःहून?" आणि डब्यात चार लाडू भरून दिले. पॅसेंजरच्या खिडकीतून दौलताबादचा किल्ला तापून पांढरा पडलेला दिसत होता. त्या किल्ल्यात शत्रूला चकवायला अंधाऱ्या वाटा केल्यात; त्या मला लहानपणापासून फार आवडतात. गाडीत मी अर्चनाचा आकडा कागदावर बत्तीस घरांत उतरवून घेतला. पुरावा हवा म्हणून. माझ्यासारख्या माणसासमोर जायचं होतं ना.

अर्चनाचे वडील बाजार समितीत मापाडी. आयुष्यभर काट्यासमोर उभं राहून दुसऱ्याच्या धान्याचं वजन सांगायचं, आणि शेतकरी अन् व्यापारी दोघांच्याही डोळ्यांत संशय बघायचा. मला त्यांनी खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि समोर उकिडवे बसले. अर्चना दाराशी उभी होती. मी सगळं सांगितलं. माझा प्रोग्राम, माझी चूक.

ते म्हणाले, "काटा खोटा आसंल तर समद्याचंच माप चुकतंय सर. चौघांचंच कसं चुकलं?"

माझाच प्रश्न, माझ्याच सुरात. मी कागद पुढं केला, घरं दाखवली, शेवटच्या घरावर बोट ठेवलं. ते घर भरलं की काय होतं ते सांगितलं. त्यांनी बराच वेळ त्या कागदाकडं बघितलं.

"म्हंजी ताकदीभाईर वजन पडलं काट्यावर," ते हळूच म्हणाले. "पन्नासच्या काट्यावर साठ ठिवलं की ह्यो बी येड्यावाणीच दाखवतो."

"अगदी तसंच, आप्पा."

"व्हय." त्यांचे खांदे जरा सैल झाले. "मंग पोरगी रोज येत व्हती."

"रोज. बत्तीसपैकी एकतीस. वर्गात पहिली आहे ती."

मला वाटलं, झालं. मी पाण्याचा तांब्या उचलला. तेवढ्यात त्यांनी कागद परत हातात घेतला आणि घरांवरून बोट फिरवत नेलं. शून्य असलेल्या एका घरावर ते थांबलं.

"मंग ह्या दिशी कुठं व्हती?"

दाराकडून अर्चनानं काहीतरी बोलायला श्वास घेतला, तो मला ऐकू आला, आणि तिच्या आधी मीच बोललो. "त्या दिवशी मीच तिला लॅबमध्ये कामाला बसवलं होतं. हजेरी लावायची माझ्याकडूनच राहिली."

आयुष्यभर खोट्या हजेऱ्या पकडल्या, पण इतकं सफाईदार खोटं मी कधी ऐकलेलं नव्हतं. आप्पांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मीही बघितलं. मग त्यांनी कागदाची घडी करून ती बंडीच्या खिशात ठेवली आणि आत बघून म्हणाले, "सरांना च्या टाका." चहा झाल्यावर मी उठलो तर अर्चनाला म्हणाले, "जा, सरांना ठेसनावर सोडून ये." स्वतः आले नाहीत. मागंमागंही आले नाहीत; मी दोनदा वळून बघितलं.

स्टेशनपर्यंत मी खुशीत होतो. अंगावर ऊन पडत होतं तेही बरं वाटत होतं. आपल्यासारख्या माणसानंसुद्धा कुणावर तरी पांघरूण घातलं, असं काहीतरी मनात घोळत होतं. फलाटावर कांद्याच्या गोण्यांची थप्पी लागलेली होती. तिच्या सावलीत आम्ही उभे राहिलो. तिथं अर्चनानं विचारलं,

"सर, ते रिकामं घर कितवं होतं?"

"अकरावं."

"अकराव्या तासाला गाडी पोटूळ स्टेशनात पाऊण तास उभी होती. मी पोचले तर तुम्ही दार लावून घेतलेलं. मी व्हरांड्यात खिडकीशी उभी राहून सगळा तास उतरवून घेतला. तुम्ही दोनदा बघितलंसुद्धा माझ्याकडं."

मला आठवेना. मग आठवलं. खिडकीत कुणीतरी आहे, आतल्या कुणाला खुणा करत असणार, असं वाटून मी खिडकीही लावून घ्यायला निघालो होतो.

"मग सांगायचं ना, तिथंच, आप्पांसमोर."

"सांगणारच होते. खरंच होतं ते, सांगितलं असतं तर चाललं असतं. तुम्हीच आधी बोललात." तिनं माझ्याकडं बघितलं, राग नव्हता त्यात. "तुम्हालापण वाटलं ना सर, मी कुठंतरी गेले असंन म्हणून?"

पलीकडून गाडी येताना दिसायला लागली होती. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिलो.